ऑर्लिनचा मोवर आणि रोंडाची अट

ऑर्लिन हागेनला "कसं काय?" असं विचारलं की एकच उत्तर मिळतं, "वाईट नाही." गारपिटीनं सगळा मका आडवा झाला तेव्हा वाईट नाही, गुडघा कापून नवा बसवला तेव्हाही वाईट नाही. त्याची बायको आर्डिस वसंतात गेली, तेव्हा चर्चच्या दारात मी त्याचा हात धरून विचारलं, तर म्हणाला, "वाईट नाही, सुनंदा," आणि टोपी चुरगाळत पार्किंगकडे बघत राहिला. आमच्या गावात हे उत्तर सगळेच देतात, पण ऑर्लिन त्यांच्यातला मेरुमणी.

मी त्याच्या समोरच्या घरात राहते. नवऱ्याच्या कागद कारखान्यातल्या नोकरीपायी या तळ्याकाठी आलो. नोकरी गेली, नवराही गेला, मी राहिले. आल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी सकाळी पडदा सरकवला, तर एक उंच, रुंद माणूस आमचं गवत कापत होता. मी धावत बाहेर गेले, "अहो, राहू द्या!" तो म्हणाला, "इकडून जातच होतो." तो त्याच्या मोवरवर, म्हणजे बसून चालवायच्या गवत कापणीच्या यंत्रावर होता आणि 'इकडून जाणं' म्हणजे रस्ता ओलांडून, आमचं फाटक उघडून, आवारात फेऱ्या मारणं. तेव्हापासून माझं गवत तोच कापतो. मी त्याला कधी सांगितलं नाही आणि त्यानं मला कधी विचारलं नाही.

तो मोवर एके काळी लाल होता. आता त्याचा रंग धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखा झाला आहे. उन्हाळ्यात त्याच्यानं गवत कापायचं. पानगळ संपली की ऑर्लिन त्याची खालची पाती सोडवतो, पुढे बर्फ लोटायचा लोखंडी फाळ बसवतो, मागच्या चाकांना साखळ्या गुंडाळतो. गावात बाकी सगळ्यांच्या मोठ्या गाड्यांना फाळ आहेत आणि ते दोन मिनिटांत काम उरकतात. ऑर्लिन मात्र मोवरवर टेचात बसून तासभर बर्फ लोटतो, अगदी कडेची रेघ सरळ येईपर्यंत.

एवढ्याशा इंजिनाला आमची थंडी सोसत नाही. तेल काकवीसारखं घट्ट होतं, बॅटरी निम्मा जीव टाकते, पेट्रोलात थेंबभर पाणी असलं तर नळीत गोठून बसतं. म्हणून ऑर्लिन त्याचं बाळंतपण करतो. थंडीचं पातळ तेल घालायचं, रात्री इंजिनावर जुनी गोधडी टाकायची, गोधडीखाली विजेचा एक दिवा लावून ठेवायचा आणि बॅटरी काढून घरात आणायची. आर्डिस असताना बॅटरीची जागा मागच्या दाराशी असे. ती गेल्यावर बॅटरी स्वयंपाकघरात, टेबलाशी, तिच्या खुर्चीवर आली. मी एकदा बघितलं आणि दुसरी खुर्ची ओढून बसले.

त्याची मुलगी रोंडा दक्षिणेला मोठ्या गावात असते. बापासारखीच उंच, पण जिभेला धार. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला आली तेव्हा टर्कीची तंगडी कापता कापता तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "बाबा, माझ्याजवळ खोली रिकामी आहे. ज्या दिवशी तुम्हाला तुमचा दारापुढचा रस्ता साफ करता येणार नाही, त्या दिवशी मी येऊन तुम्हाला घेऊन जाणार. त्यावर एक शब्द ऐकणार नाही."

"ठीक आहे," ऑर्लिन म्हणाला.

ऑर्लिन या घरात जन्मला आहे. त्याला इथून उचलणं म्हणजे विहिरीतला मासा काढून वाटीत सोडणं.

पुढे पहिला मोठा बर्फ पडला तो नेमका शुक्रवारी, आणि शनिवारी दुपारी रोंडा यायची होती. शनिवारी सकाळी मी पाहिलं तर ऑर्लिनच्या दारापासून रस्त्यापर्यंत गुडघाभर बर्फ आणि थंडी अशी, की नाकातले केस कडकडा वाजावेत. ऑर्लिन बॅटरी कडेवर घेऊन, लेकरू न्यावं तसा मोवरच्या शेडकडे निघाला होता. थोड्या वेळानं आवाज आला. खर्र, खर्र, मग फटफट. मी म्हटलं, जिंकलं! तेवढ्यात फटफट थांबली. पुन्हा खर्र, फटफट, पुन्हा शांत.

मी कोट चढवून गेले, तोवर ड्वेन आणि व्हर्न पोचले होते. ड्वेन जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त करत आलेला, पिंपासारखा माणूस. व्हर्न किडकिडीत आणि बोलका, म्हणजे आमच्या गावच्या मानानं बोलका. दोघं मोवरच्या दोन बाजूंना, खिशात हात घालून उभे होते.

"मदत लागेल का?" ड्वेननं विचारलं.

"नको, नको," ऑर्लिन म्हणाला.

"इकडून जातच होतो."

"नाही, खरंच नको."

"हातात दुसरं काम नाही बघ."

"बरं, आलाच आहेस तर."

हा सोपस्कार झाल्याशिवाय आमच्याकडे कुणी जळत्या घरावर पाणीही टाकत नाही. मी शेडच्या दारात पाय आपटत उभी राहिले.

ऑर्लिननं ब्रेकवर पाय दाबला, चोक ओढला, किल्ली फिरवली. इंजिन लागलं, छान तापलं. त्यानं चोक आत ढकलला, गिअर टाकला, ब्रेकवरचा पाय उचलला, आणि इंजिन गप्प.

"कार्बुरेटर गोठला," व्हर्न म्हणाला, आणि घरी जाऊन बायकोचा केस वाळवायचा पंखा घेऊन आला. लांब वायर लावून त्यानं कार्बुरेटरला ऊन हवा दिली. इंजिन लागलं. पाय उचलला, गप्प.

"प्लग ओला असेल," ड्वेन म्हणाला. प्लग माझ्याकडे आला. मी तो घरी नेऊन पोळ्यांच्या तव्यावर शेकला, फडक्यात गुंडाळून पळत आणला. इंजिन लागलं. पाय उचलला, गप्प. मग जुनं पेट्रोल काढून नवं घातलं, नळी फुंकली. ड्वेनच्या मिशांना बर्फ लटकला, व्हर्नचे गाल बिटासारखे झाले, आणि ऑर्लिन दर वेळी सीटवर बसून पाय उचलायचा नि सगळे पुन्हा बर्फाकडे बघायचे.

"तुमच्यापैकी कुणीतरी बसून बघा ना," मी म्हटलं.

तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी चर्चमध्ये शिट्टी वाजवली. इथे लग्नात दुसऱ्याच्या बायकोबरोबर खुशाल नाचावं, पण दुसऱ्याच्या मोवरवर बसायचं नाही.

"मी माझ्या गाडीनं दोन मिनिटांत साफ करतो," ड्वेन हळूच म्हणाला. "रोंडाला कळणार नाही."

"मला कळेल," ऑर्लिन म्हणाला.

आणि तेवढ्यात रस्त्यावर रोंडाची गाडी थांबली. दुपारी येणार होती, सकाळीच हजर. बर्फ तुडवत, मांड्या उचलत ती शेडपर्यंत आली. उघडं इंजिन पाहिलं, केसांचा पंखा पाहिला, बापाचा चेहरा पाहिला.

"चालत नाही?"

"थंडी आहे," ऑर्लिन म्हणाला.

"उठा. मी बघते."

मुलीला कसला आलाय सोपस्कार! ती धप्पकन बसली, किल्ली फिरवली, पाय उचलला, आणि मोवर फटफटत शेडबाहेर पडला. टपालपेटीपर्यंत बर्फ लोटत गेली आणि परत आली.

"गेली इंजिनातली थंडी!" व्हर्न ओरडला. "आता चालेल."

ऑर्लिन बसला. पाय उचलला, गप्प. रोंडा बसली, चालू. ऑर्लिन बसला, गप्प. मला हसू आवरेना. म्हटलं, हा मोवर हिनं फितवलाय.

पण ड्वेन हसत नव्हता. तो बुटानं बर्फ उकरत म्हणाला, "सीटखाली एक बटण असतं."

"मग?" रोंडानं विचारलं.

"माणूस बसला की ते दाबलं जातं. ब्रेकवर पाय असेस्तोवर त्याचं काही नाही. पाय उचलला आणि सीट रिकामी असली, तर इंजिन बंद. माणूस पडला-बिडला तर, म्हणून."

"पण सीट रिकामी कुठे आहे? बाबा बसलेत ना!"

ड्वेन तळ्याकडे बघायला लागला. व्हर्नही तळ्याकडे बघायला लागला. तळ्यावर बर्फाशिवाय काहीही नव्हतं. मग मात्र माझा ताबा सुटला.

"अहो, त्यांच्या वजनानं बटण दाबलं जात नाहीये! उन्हाळ्यात सीट मऊ होती, तेव्हा निभावलं. आता ती दगड झालीय आणि हे वाळून काटकी झालेत!"

रोंडानं हातमोजा काढला आणि बापाच्या कोटात हात घातला. कोटाच्या आत कोट, त्याच्या आत जाड स्वेटर, आणि त्याच्या खूप आत कुठेतरी बरगड्या. तिचा हात तिथेच राहिला.

"तुला माहीत होतं?" तिनं ड्वेनला विचारलं.

"पहिल्यांदा बंद पडला तेव्हाच वाटलं होतं."

"मग इंजिन कशाला खोललंत?"

"असं कसं म्हणायचं माणसाच्या तोंडावर?" ड्वेन बिचारा लाल झाला.

"बाबा, तुम्ही जेवता काय?"

"टोस्ट."

"आणि?"

"कॉफी." ऑर्लिननं स्टिअरिंगवरचा बर्फ पुसला. "एकट्यासाठी ओव्हन पेटवायचा कशाला? आणि टेबलाशी बसलं की समोर बॅटरी दिसते."

रोंडाला रडू फुटलं. व्हर्न घाबरून म्हणाला, "रडू नको गं, पापण्या गोठून चिकटतील!" त्यावर ती रडता रडता हसली, आणि आम्ही सगळे नको तेवढे मोठ्यानं हसलो. ऑर्लिनसुद्धा.

गाडीचं मागचं चाक घसरू नये म्हणून इकडे प्रत्येक जण गाडीत वाळूचं पोतं ठेवतो. ड्वेननं आपलं पोतं आणून ऑर्लिनच्या मांडीवर ठेवलं. ऑर्लिननं त्याला एका हातानं कवटाळलं, दुसऱ्या हातानं स्टिअरिंग धरलं, पाय उचलला, आणि मोवर चालू राहिला. त्यानं अख्खा रस्ता साफ केला, कडेच्या रेघेसकट. आम्ही चौघं थंडीत उभे राहून बघत होतो आणि कुणालाही घरात जावंसं वाटत नव्हतं.

"माझा रस्ता मी साफ केला," तो उतरून म्हणाला.

"तुम्ही आणि पोत्यानं," रोंडा म्हणाली. "ऐका आता. नवी अट. हा हिवाळा संपायच्या आत पोत्याशिवाय चालवून दाखवायचं. नाही जमलं तर मी गाडी घेऊन येते, आणि मग खरंच एक शब्द ऐकणार नाही."

ऑर्लिननं मान डोलावली. मी तिथल्या तिथे ऑर्लिनच्या जेवणाचे वार वाटून टाकले. सोमवारी आणि बुधवारी ड्वेनची बायको, मंगळवारी व्हर्नकडे, गुरुवारी मी, रविवारी चर्चमध्ये. "नको, नको" ऐकायला मी जागेवर थांबलेच नाही. रोंडा चार दिवस राहिली आणि जाताना तिनं उरलेल्या वारांसाठी फ्रीजरमध्ये हॉटडिशचे, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या मांस-बटाट्याचे डबे रचून ठेवले. बॅटरी मागच्या दाराशी गेली.

गुरुवारी ऑर्लिन माझ्याकडे खिचडी खायचा. पहिल्यांदा वर टोमॅटो केचप ओतलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. नंतर तूप आवडायला लागलं. "हे तुमचं लोणी वाईट नाही," म्हणून चमचा चमचा घ्यायचा. पोटभर खाऊन निघताना दारात थांबून आर्डिसच्या गोष्टी सांगायचा. अर्ध्या तासात जेवढं बोलायचा, तेवढं तो आधी वर्षभरात बोलत नसे. पोत्यातली वाळू ड्वेन दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायचा आणि चर्चच्या निसरड्या पायऱ्यांवर टाकायचा.

मार्च सरता सरता शेवटचा बर्फ पडला, ओला आणि जड. सकाळी मी दारात उभी होते. ऑर्लिननं पोतं उचलून शेडच्या बाहेर ठेवलं, सीटवर बसला, किल्ली फिरवली. इंजिन तापेपर्यंत तो इकडेतिकडे बघत बसला. ड्वेन आणि व्हर्न रस्त्यावर उभे होते. इकडून जातच होते म्हणे.

त्यानं पाय उचलला. इंजिन चालू राहिलं.

ऑर्लिननं हातमोजा दातांनी ओढून काढला, खिशातून फोन काढून नंबर लावला आणि काही न बोलता फोन इंजिनाशी धरला. फटफट, फटफट, बराच वेळ. मग फोन कानाला लावला. रोंडा एवढ्या मोठ्यानं बोलत होती, की मला रस्त्यापलीकडून ऐकू आलं, "ऐकलं, बाबा! ऐकलं! राहा तिथंच!"