शंकेचा शंख झाला

“हा शंख कुणाचा?” करस्पाँडंटनी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि चष्मा काढला. आमच्याकडे खासगी शाळेचा कारभार पाहणाऱ्या माणसाला करस्पाँडंट म्हणतात. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते घाबरलेले होते.

चिठ्ठी तमिळमध्ये होती. अर्थ लागत होता तो असा : ‘पूजेची पेनं. मला शंख. सगळ्यांसमोर उत्तर पाहिजे.’

तंजावुरात मयतापुढे शंख फुंकतात. ‘मला शंख’ म्हणजे माझं आता संपलं. दहावीचं कुणी पोर जिवाचं बरंवाईट करणार, असं करस्पाँडंटच्या मनानं घेतलं होतं.

चिठ्ठी निघाली ती सेल्वी मिसनी ठेवलेल्या संदेगम-पेटीतून. संदेगम म्हणजे शंका. सेल्वी मिस समाजशास्त्र शिकवतात. त्या प्रोबेशनवर होत्या, म्हणजे नोकरी अजून पक्की नव्हती. संविधान दिनासाठी त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं की वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी वाढवणं हे नागरिकाचं कर्तव्य आहे. त्याखाली ही पेटी, निनावी चिठ्ठ्यांसाठी.

त्या दिवशीचं भाषण माझ्याकडे होतं : विज्ञानाच्या तत्त्वज्ञानानं राज्यघटनांना काय दिलं. मी फिजिक्सचा एचओडी. घटनेतलं मला काय कळतं? मी सेल्वी मिसनाच विचारलं होतं.

“सार, प्रयोगात तुम्ही मोजमापापुढे अधिक-उणे लिहिता ना?” त्या म्हणाल्या होत्या. “इतकी चूक असू शकते म्हणून. घटनेत दुरुस्तीचं कलम आहे, ते तेच. शोधक बुद्धीचं वाक्यसुद्धा नंतर दुरुस्तीनंच आलं.”

मी मान हलवली होती, पण गोंधळ होताच. घटनांनी हे विज्ञानाकडून घेतलं, की राजांना कंटाळलेल्या माणसांना ते आपोआप सुचलं? माझे मराठी पूर्वज राजाचा शब्द शेवटचा मानून त्याच्यामागे या गावात आले. राजवाड्यामागच्या गल्लीत आम्ही अजून राहतो. अधिक-उणे आमच्या घरात कुणी लिहीत नाही.

“मिस, उद्यापासून येऊ नका,” करस्पाँडंट म्हणाले. “शंका काढा, शंका काढा म्हणून पोरांची डोकी फिरवलीत.”

“सार, आधी ते मूल कोण ते शोधू या,” सेल्वी मिस म्हणाल्या. “मग मला काढा.” त्या एकेका पोराचं नाव घेऊन त्याचा चेहरा आठवत होत्या.

मी चिठ्ठीकडे पाहिलं. अक्षर मुद्दाम वाकडं काढलेलं. मला वाचायची गरज नव्हती. ती मीच टाकली होती.

दहावीच्या परीक्षेआधी आमच्या शाळेत पेनांची पूजा होते आणि ती पेनं मुलांना वाटतात. मला विचारायचं होतं की ज्यांनी ती वापरली नाहीत, त्यांचे निकाल कुणी पाहिले का? अशा तुलनेशिवाय आम्ही लॅबमध्ये काहीच मानत नाही. तोंडानं विचारायचा धीर नव्हता, म्हणून चिठ्ठी. घाईत ‘संदेगम’च्या जागी घरचा शब्द गेला, शंका. तमिळ लिपीत तो मी तमिळ वळणानं ‘संगै’ असा लिहिला. आणि तमिळमध्ये संगु म्हणजे शंख, संगै म्हणजे ‘शंखाला’.

“सगळ्या पालकांना फोन लावा,” करस्पाँडंट क्लार्कला म्हणाले. क्लार्कनं रिसीव्हर उचलला.

“नका लावू,” मी म्हणालो. “तो शंख माझा आहे.”

“राव सार, तुम्ही मरणार?”

“नाही सार. मराठीत शंका म्हणजे संदेगम.”

मी सगळं सांगितलं. क्लार्क तेवढा खोकल्यासारखा हसला. सेल्वी मिस हसल्या नाहीत. “स्टाफरूममध्ये मी तुमच्या समोरच बसते, सार,” त्या म्हणाल्या. “मला विचारायचं होतंत.”

करस्पाँडंटनी चष्मा पुसला. “पेनानं मार्क येतात असं मी कधी म्हणालो? पोरांचे हात थरथरतात. पूजा केली की थांबतात.”

हे मला पटलं, आणि पटलं याचाच त्रास झाला. तोंडून निघून गेलं, “सार, तेही कुणी मोजलेलं नाही.”

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “मग मोजा,” ते म्हणाले.

सेल्वी मिसची नोकरी राहिली. पेटीही राहिली, फक्त चिठ्ठीवर नाव घालायचा नियम झाला. भाषण मी दिलं नाही, सेल्वी मिसनी दिलं. मी मागे उभा होतो. स्टाफरूममध्ये त्या माझ्याशी अजून कामापुरतंच बोलतात. हात थरथरायचे कसे मोजतात, हे मला अजून कळलेलं नाही.

एक मात्र कळलं. घटनेनं कर्तव्य सांगितलंय, आणि कर्तव्य निनावी करता येत नाही. आणि तमिळ शाळेत शंका काढायची तर संदेगमच लिहावं.