गव्हावर गहू

आमच्या कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत रांग माणसांची नसते, डब्यांची असते. शेवटच्या डब्यामागे आपला डबा ठेवायचा आणि बाकावर जाऊन बसायचं. गेल्या आठवड्यात माझ्या बाजरीच्या मागून आलेले डबे एकेक करून दळून घरी गेले.

"काका, माझा नंबर आधी होता ना?" मी विचारलं.

गिरणीवाले काका म्हणाले, "ताई, गव्हावर गहूच टाकतो. मध्येच बाजरी घातली तर पुढच्याच्या पोळ्या काळपट होतील. गहू संपू द्या."

पटण्यासारखं होतं, म्हणूनच मला संशय आला. दारातून येणारा जो तो गहूच आणत होता, मग संपणार कधी? कुणी मध्ये घुसलं असतं तर भांडता तरी आलं असतं. इथे रांग अगदी सरळ होती आणि माझा डबा जागचा हलत नव्हता. तेव्हापासून दवाखान्यात, बँकेत, कुठेही नंबर लावला की मी धास्तावून आजूबाजूला बघते. इथे आपण गहू आहोत की बाजरी?

आज मी गहू घेऊन गेले. काकांनी डबा लगेच उचलून घेतला. बाकावर एक बाई बाजरीचा डबा रांगेत ठेवून कधीची बसली होती. तिने आधी माझ्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

तिने काही विचारायच्या आतच मी म्हणाले, "गव्हावर गहूच टाकतात हो."