मणेर मॅडमनी सांगितलेला तांबडा रंग

मणेर मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी दूध संकलन केंद्रावर होतो. सकाळची गर्दी ओसरत आली होती. फोन कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या दत्तामामांचा. "विलास, आपल्या बाई गेल्या रे," एवढंच म्हणाले. त्याला आता पाच आठवडे झाले. त्याच दिवशी दुपारच्या नमाजानंतर दफन झालं. मीही तीन मुठी माती दिली आणि कळंब्याला घरी परतलो. आई उंबऱ्यातच बसली होती. तिनं विचारलं, "शेवटचं मला न्यायचं हुतंस की..." मॅडम जाण्याच्या दोनच आठवडे आधी मी त्यांना सांगून आलो होतो, येत्या गुरुवारी आईला घेऊन येतो. तो गुरुवार केंद्राच्या कामात गेला, पुढचाही गेला.

शमशाद मणेर आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायच्या. वडिलांचं बांगड्यांचं दुकान, घरात शिकलेल्या त्या पहिल्याच. आवाज मोठा, बोलणं रोखठोक. त्यांच्या संशोधनाचा विषय होता माकडं आणि माणसं यांच्या डोळ्यांतली जनुकं. आम्हाला वाटायचं, मॅडम जंगलात जात असतील. त्या जायच्या संगणकावर. वेगवेगळ्या माकडांच्या जनुकांची अक्षरं एकाखाली एक लावून कुठं काय बदललं ते तासन्‌तास बघत बसायच्या. पीएचडी पूर्ण झाली ती निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना.

मी शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा रेल्वेची परीक्षा दिली. इंजिन चालवायचं हे लहानपणापासूनचं वेड. लेखी परीक्षा पास झालो, घरी पेढे वाटले. मग डोळ्यांच्या तपासणीत ठिपक्यांची चित्रं पुढं आली. त्यातला आकडा वाचायचा होता. मला नुसते ठिपके दिसत होते. तांबडा आणि हिरवा मला वेगळे ओळखू येत नाहीत, हे मला त्या दिवशी, वयाच्या एकविसाव्या वर्षी कळलं. नोकरी गेली.

त्याच महिन्यात मॅडमनी वर्गात शिकवलं की हा दोष मुलाकडे आईकडून येतो. फळ्यावर आकृतीही काढली. मी घरी गेलो आणि... हे लिहायला आजही जड जातं... आई भाकरी थापत होती, तिला म्हणालो, "तुझ्यामुळं गेली माझी नोकरी." आत्या घरातच होती. तिनं ते उचललं आणि आईच्या माहेराचा उद्धार सुरू केला. त्या दिवसापासून आई माझ्या ताटात वाढायची आणि समोरून उठून जायची. नागपंचमीला माहेरीही गेली नाही.

महिन्याभरानं मॅडमनी विचारलं, काय बिघडलंय तुझं? मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता रागावतील. त्या म्हणाल्या, चूक माझीपण आहे, मी अर्धंच शिकवलं. आणि रविवारी लुनावरून थेट आमच्या घरी आल्या.

आई पदर सावरत बाजूला उभी राहिली. मॅडम तिला हाताला धरून सोप्यात घेऊन बसल्या. म्हणाल्या, आक्का, तुमच्या म्हशीला जसं दिसतं, तसंच फार पूर्वी सगळ्या दूध पाजणाऱ्या जनावरांना दिसायचं. तांबडं-हिरवं सारखंच. मग माकडांच्या एका पूर्वजाच्या अंगात, डोळ्यातलं प्रथिन घडवणाऱ्या एका जनुकाची चुकून दुसरी प्रत निघाली. एक प्रत जुनं काम करत राहिली. दुसरीत हळूहळू थोडी अक्षरं बदलली, तिचं प्रथिन जरा वेगळा उजेड टिपायला लागलं, आणि हिरव्या पानांत पिकलेलं फळ दिसायला लागलं. ते आपल्यापर्यंत आलं. पण या दोन प्रती आहेत शेजारी शेजारी आणि दिसायलाही सारख्या. वहीतून उतरवून घेताना सारख्या दोन ओळी आल्या की आपली एखादी ओळ सुटते ना, तसंच बीज तयार होताना होतं. तुमच्याकडं ते कधी झालं असेल, कुणाच्या पोटी झालं असेल, कुणाला ठाऊक! ज्यामुळं रंग मिळाला, त्यामुळंच तो कधी कधी हरवतो. यात आईनं काय केलं?

आई खाली मान घालून ऐकत होती. तिनं एवढंच विचारलं, "पण माझ्याच अंगातनं आलं न्हवं?"

मॅडम म्हणाल्या, "व्हय. माझ्या आईच्या अंगातनंबी आलं. माझा भाऊ दुकानात बसायचा. गिऱ्हाईकानं हिरव्या बांगड्या मागितल्या की तांबड्या काढून द्यायचा. अब्बा त्याला सगळ्यांदेखत मारायचे. एक दिवस तो घर सोडून गेला, आक्का. आईनं मरेपर्यंत स्वतःला दोष दिला. मला हे तेव्हा कळलं असतं तर मी तिला सांगितलं असतं."

मग आई एकदम म्हणाली, "माझा बा मिरच्या तोडाया मलाच न्यायचा. भाऊ रिकामं असायचं, तरी मलाच. म्हणायचा, तांबडी तेवढी तू दाव..." आणि ती रडायला लागली. महिनाभर कोंडलेलं ते रडणं होतं, पण त्यात तिला तांबडं न दिसणारा तिचा बाप सापडला होता. मी तिच्या पायाशी जाऊन बसलो. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या वर्षी दिवाळीला ती माहेरी गेली.

नंतर आमच्याकडं म्हैस व्याली की खरवसाचा पहिला डबा मॅडमकडे जायचा. एकदा डबा द्यायला गेलो तेव्हा त्या संगणकापुढे होत्या. जनुकाची जास्तीची प्रत निघाली की ती नवं काम शिकतेच का, असं मी विचारलं. नाही रे, त्या म्हणाल्या. पहिली काम सांभाळते म्हणून दुसरीला चुकायची मोकळीक असते. पण बहुतेक प्रती चुकून चुकून मोडून पडतात. एखादीच काही नवं करते, आणि आम्ही तिच्यावर लिहितो. मोडलेल्यांची कुणी विचारपूस करत नाही... बोलता बोलता त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्यांचा भाऊ कधीच परतला नाही. आजारपणातल्या त्या शेवटच्या भेटीत, खाटेवर उशीला टेकून त्यांनी आईची चौकशी केली, गुरुवारी नक्की आण म्हणाल्या.

मागच्या आठवड्यात कॉलेजात शोकसभा झाली. ती संपल्यावर दत्तामामा मला प्रयोगशाळेत घेऊन गेले. काचपट्ट्यांच्या डब्यांचं कपाट उघडलं. डब्यांवर विषयानुसार रंगीत टिकल्या चिकटवलेल्या, आणि प्रत्येक टिकलीखाली मॅडमच्या अक्षरात त्या रंगाचं नाव. तांबडा. हिरवा. पिवळा. मामा म्हणाले, "तू पास होऊन गेल्यावर बाईंनी हे सुरू केलं. टिकली निघाली की नवी लावायच्या, खाली नाव लिहायच्या. तुझ्यासारखा कोण आला असंल नसंल, कधी विचारलं न्हाय. आताच्या पोरांना ठाऊकबी न्हाय कशासाठी हाय ते."

मामा किल्ल्या घेऊन दारात थांबले. मी खालच्या फळीपासून सुरुवात केली आणि वरपर्यंतचा एकेक डबा वाचत गेलो.