तांबकुसळाचा वास

औंढ्याच्या वरच्या अंगाला जी ठाकरवाडी आहे, तिथल्या झुंबरबाईचं आणि पाखरांचं हाडवैर. भात निसवून ओंब्या बाहेर आल्या की ती बांधावर ठाण मांडून बसायची. हातात फुटका डबा, तोंडात शिव्या. शिव्याही अशा निवडक, की पाखरांना कळल्या असत्या तर ती मावळ सोडून घाट उतरली असती. नवरा केरबा म्हणायचा, "अगं, चार दानं खात्याल. त्यान्ला बी प्वाट हाये." त्यावर ती म्हणायची, "मंग तुमच्या ताटातलं द्या." केरबा मुळातच कमी बोलणारा. लग्न झाल्यावर उरलंसुरलं बोलणंही त्याने बायकोच्या हवाली करून टाकलं होतं.

ही बाई लग्न होऊन वाडीवर आली, तेव्हा तिच्या आईने पदराच्या टोकाला तांबकुसळाचं बी बांधून दिलं होतं. तांबकुसळ हा माहेरचा जुना भात. चुलीवर चढला की वास तीन घरं ओलांडून जायचा, आणि त्या दिवशी काहीतरी काम काढून दोघेतिघे हमखास दारात टपकायचे. पण भात मोठा गरवा, म्हणजे उशिरा पिकणारा. वाडीतले हळवे भात कापून खळ्यावर आले तरी हा आपला हिरवागार. ओंब्या भरायला यायच्या आणि परतीचा पाऊस येऊन त्याला चिखलात आडवा करायचा. झुंबरबाई दरवर्षी रडायची आणि दरवर्षी पुन्हा पेरायची. सगळी वाडी इंद्रायणी भातावर गेली, तरी हिचं एक खाचर तांबकुसळाचंच राहिलं. हट्टाला औषध नसतं.

अशीच एका वर्षी ती बांधावर डोळे पुसत बसली होती. दुसरीत शिकणारी तिची लेक प्रतीक्षा शेजारी उभी होती. ती म्हणाली, "आये, म्या याला लवकर पिकवीन." लेकरं बोलतात तसं. कुणाचं लेकरू आईला विमानात बसवणार असतं, कुणाचं सोन्याच्या पाटल्या करणार असतं. ही पोर मात्र बोललेलं विसरली नाही. आश्रमशाळा झाली, लोणावळ्याचं कॉलेज झालं आणि मग पुण्याला विद्यापीठात वनस्पतिशास्त्राच्या विभागात ती संशोधनाला लागली. वाडीतून तितक्या लांब गेलेली ती पहिलीच.

झुंबरबाई तेव्हा लोणावळ्यात बंगल्यांवर कामाला जायची. शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी जो धुडगूस घालून जात, तो सोमवारी हिने निस्तरायचा. एका मालकिणीने सहज विचारलं, "मुलगी काय करते तुमची?"

"भातावर शिकतीया. इद्यापीठात. संशोदन."

"अरे वा," मालकीण म्हणाली आणि सोफ्याखालचंही पुसून घ्यायला सांगितलं. झुंबरबाईने सोफ्याखालचं पुसलं आणि ते "अरे वा" घरी आणून केरबाला चारदा ऐकवलं.

प्रतीक्षाचं काम सांगायला सोपं होतं, करायला महाकठीण. तांबकुसळाचं एका हळव्या भाताशी लग्न लावायचं. मग त्यांच्या लेकरांत, नातवंडांत, पतवंडांत असं रोप शोधायचं, ज्याने वास आईचा उचललाय आणि घाई बापाची. पावसाळ्यागणिक एक पिढी. विद्यापीठाच्या आवारात पुण्याच्या पावसावर हा भात काही नीट पोसेना, म्हणून तिने बी आपल्या बापाच्या खाचरातच लावलं. आईचं तांबकुसळाचं खाचर त्यासाठी मोकळं झालं. तिचे मार्गदर्शक सर एकदा स्वतः येऊन बघून गेले, ओसरीवर बसून नाचणीची भाकरी खाऊन गेले. तेव्हापासून झुंबरबाई त्यांना आपल्यातलाच माणूस समजत असे.

गोष्ट घडली ती शेवटच्या पावसाळ्यात. शिष्यवृत्तीचं ते अखेरचं वर्ष. सरही पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त व्हायचे होते. जे काही हाती लागायचं ते याच वर्षी लागायला हवं होतं, आणि ते लागलंही. भात फुलोऱ्यात असताना प्रतीक्षा ओळीओळीने फिरली. पान तोडायची, वास पानात उतरलाय का ते चावून बघायची, थुंकायची, पुढे जायची. हिरव्या शेतात आपली शिकलेली पोर शेळीसारखी पाला चावत हिंडतेय, हे बघून झुंबरबाई पोट धरून हसली. एका कोपऱ्यातल्या मोजक्या रोपांपाशी मात्र प्रतीक्षा थांबली. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन तिथेच थांबली. मग तिने त्या रोपांना लाल लोकर बांधली.

"आये, ही लाल लोकरीची रोपं तेवढी संभाळ. म्या येईस्तवर कुनाला हात लावू दिऊ नको."

"कोन लावतंय हात? तंगडं मोडीन त्याचं."

प्रतीक्षा प्रबंध लिहायला पुण्याला गेली आणि झुंबरबाईने बंगल्यांची कामं सोडून बांध धरला. पाऊस असो, ऊन असो, ही इरलं घेऊन कोपऱ्यात हजर. गुरं आली नाहीत, शेळी आली नाही, आणि पाखरांची तर काय टाप. तिने इतकं राखलं, की त्या ओंब्यांतला एक दाणा कमी झाला नाही.

दसऱ्यानंतर पिकेल असा प्रतीक्षाचा अंदाज होता. पण लाल लोकरीच्या रोपांनी तिच्याही अंदाजावर मात केली. घट बसायच्या आधीच त्या ओंब्या पिवळ्याधमक होऊन खाली वाकल्या. आजूबाजूचं सगळं खाचर हिरवं, आणि त्यात हा एवढाच सोन्याचा कोपरा. झुंबरबाईने खाली वाकून ओंबीपाशी नाक नेलं. तो वास तिच्या टाळूला भिडला. पोरीने केलं होतं. म्हणाली होती, तसं केलं होतं.

आता वाडीची रीत अशी, की शिवारात ज्याचं जे आधी पिकेल ते वाघजाईचं. त्याला नवं म्हणतात. ती पहिली रोपं मुळासकट उपटायची, त्यातल्या चार ओंब्या देवळाच्या खांबाला बांधायच्या, बाकीचं कांडून शिजवून देवीला निवद दाखवायचा आणि मग घराने खायचं. त्याआधी नव्या दाण्याला कुणी शिवत नाही, आणि अर्धंमुर्धं दिलेलं देवी घेत नाही.

झुंबरबाईला पोरीचं बोलणं आठवत होतं. कुणाला हात लावू देऊ नको. पण कुणाला म्हणजे माणसांना. देवी काय कुणी परकी आहे? जिने पोरीला यश दिलं, तिच्या आधी आपण पुढचं बघायचं, हे कुठल्या तोंडाने? आणि बियाण्याची तिला काळजी वाटली नाही. एका खाचरातला भात म्हणजे एकच भात; बी काढायचं ते मळणी झाल्यावर राशीतून, हे तिला आईने शिकवलेलं. अख्खं खाचर तर अजून उभं होतं. त्या खाचरातलं रोप न् रोप निराळं आहे, असं प्रतीक्षाने सांगितलं होतं खरं. झुंबरबाईने मानही डोलावली होती. पण मान डोलावणं वेगळं आणि जन्मभर भात लावलेल्या हाताला पटणं वेगळं.

तिने आंघोळ केली, नवं लुगडं नेसली आणि लाल लोकरीची रोपं मुळासकट उपटली. फोन करून सांगावं असं एकदा मनात आलं. पण शनिवारी पोर येणारच होती. तिला ताटातच दाखवू, म्हणून ती गप्प राहिली. उभ्या आयुष्यात ही बाई एकदाच गप्प राहिली, तीही नको त्या वेळी.

शनिवारी दिवस कलताना प्रतीक्षा वाडीची चढण चढून आली. वास तिला विहिरीपाशीच लागला. पाय न धुताच ती चुलीपाशी आली.

"आये, जुना तांबकुसळ ठिवलावतास व्हय?"

"खा आधी. मंग सांगती."

निवद दाखवून झाला होता. जुन्या तांदळात मूठभर नवा तांदूळ घालून शिजवलेला भात होता, वर तूप. प्रतीक्षा मन लावून जेवली. मध्येच डोळे मिटून म्हणाली, "लय दिसांनी." झुंबरबाई तिच्या तोंडाकडे बघत होती. तिचं स्वतःचं पोट त्या बघण्यानेच भरलं होतं. शेवटी तिला राहवेना.

"तुझाच हाये त्यो. लाल लोकरीचा. आदी देवीला दिला, मंग तुला."

प्रतीक्षाचा हात ताटात थांबला.

"सगळा?"

"देवीला काय अर्दा देत्यात?"

 पोरीच्या ताटात थोडी शितं राहिली होती. ती तिने एक एक करून वेचली आणि खाल्ली. एकही ठेवलं नाही. मग ताट घेऊन ती मोरीकडे गेली आणि बराच वेळ आलीच नाही. कोपऱ्यात बसलेल्या केरबाला काहीतरी उमगलं. तो म्हणाला, "झुंबरे, तू काय केलंस?"

काय केलं ते तिला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. प्रतीक्षा अंगणात उभी राहून फोनवर सरांशी बोलत होती. पुण्याच्या शुद्ध भाषेत, अगदी हळू.

"हो सर. ती सगळी रोपं गेली. नाही, एकही ओंबी नाही. पाखरांनी खाल्ली, सर. हो. घरच्यांनी राखली होती, पण पाखरं ती." मग पलीकडचं ऐकत राहिली. "सुरुवातीच्या पिढीचं बी आहे सर, पण तिथून इथवर यायला परत चार पावसाळे. हो. मला माहितेय की वेळ नाही."

दाराआड उभी झुंबरबाई हे ऐकत होती. पोर आपल्याला वाचवायला खोटं बोलत होती, तेही तिच्या सरांशी. ती आली असती, आईवर ओरडली असती, दोन दिवस जेवली नसती, तर झुंबरबाईला सोसलं असतं. तिने उखळ उपडं केलं, कोंडा पाखडला, कोंबड्यांच्या खुराड्यातली माती चाळली. अखंड दाणा एकही नव्हता. कांडायला ती पहिल्यापासून पक्की.

मग तिला देवळाच्या खांबाला बांधलेल्या चार ओंब्या आठवल्या. देवीला दिलेलं परत घ्यायचं नसतं, हे वाडीतलं शेंबडं पोरही जाणतं. तरी ती गेली. खांबापाशी उभी राहिली, पण हात वर जाईना. मागून केरबा आला होता. "बाजूला हो," तो म्हणाला. "म्या काढतो. पाप माझ्या नावानं." त्याने अख्खी जुडी उतरवली. पण मधल्या चार-पाच दिवसांत वाडीतल्या इतर घरांनीही आपापलं नवं त्याच खांबाला बांधलं होतं. सगळे हळवे भात, सगळ्या ओंब्या पिवळ्या, एकमेकींत गुंतलेल्या. आपली कुठली, हे तिला सांगता येईना. वाऱ्याने आणि उंदरांनी निम्मे दाणे आधीच नेले होते.

ती जुडी बघून प्रतीक्षा पहिल्यांदा रडली. देवीच्या खांबाचं आईने काढून आणलं, यालाच ती रडली. "आये, आसल यात," असं तिने म्हटलं. असेल असं तिला वाटत होतं की नाही, देव जाणे.

उन्हाळ्यात सर निवृत्त झाले. प्रबंध तसाच राहिला. प्रतीक्षा तळेगावकडे गुलाबाच्या पॉलिहाऊसवर नोकरीला लागली. परदेशी जाणारे मोठे टपोरे गुलाब, पण त्यांना वास नसतो, असं तिने एकदा सहज बोलताना सांगितलं. जुडीतलं बी तिने सुट्टी काढून पेरलं होतं आणि लावणीही स्वतः केली होती. "फुलोऱ्यात वास येतो का, तेवढं बग," असं सांगून ती गेली.

झुंबरबाईने बघितलं. रोज सकाळी दव असताना ती खाचरात उतरायची. पोरीसारखंच पान तोडून चावायची, पुढच्या ओळीत जायची, पुन्हा चावायची. गवताची चव यायची. वाडीतल्या बाया म्हणाल्या, झुंबरीला वेड लागलं. ती कुणाला उलटून बोलली नाही, यावरून त्यांना ते खरंच वाटलं. एकूण एक रोप चावून झालं तेव्हा ती फोनवर पोरीला एवढंच म्हणाली, "न्हाई गं." पलीकडून प्रतीक्षा म्हणाली, "असू दे आये. जेवलीस का?"

भात मात्र वेळेच्या आधी पिकला. हळव्याचंच बी ते, पिकणारच. ओंब्या वाकल्या आणि पाखरं उतरली. केरबाने फुटका डबा आणून तिच्या हातात दिला. तिने तो बाजूला ठेवला.

"खाऊ द्या."

"का गं?"

"पोरगी सरान्ला म्हनली, पाखरांनी खाल्लं. माज्यासाटी जल्मात येकदा लबाड बोलली ती." झुंबरबाईने डबा पालथा घातला. "त्येवडं तरी खरं हुंद्या."

केरबा तिच्या शेजारी बांधावर बसला. थवा कोपऱ्यापासून खात खात पुढे येत होता आणि ती दोघं बघत होती.