तिसऱ्या बुडीचा प्रश्न

भाऊ परदेशी गेला आणि त्याचा न्यूफाउंडलंड जातीचा कुत्रा काशीच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या दोन खोल्यांत आला. थंड समुद्रात बुडणाऱ्यांना ओढून काढणारी ही जात इथल्या उन्हात पाठवताना भावाने अक्कल गहाण टाकली असावी. घरातला एकुलता एक कूलर कुत्र्याच्या नावे झाला. आई रोज त्याचे दाट केस विंचरायची, कान कोरडे करायची आणि लाळेने भिजलेली साडी बदलायची. काळा म्हणून शेजारी त्याला कालभैरवाचं वाहन समजून पेढे चारत. वाहनाचं पोट बिघडलं की निस्तरायचो मी.

खरी पंचाईत दशाश्वमेध घाटावर झाली. बाबा तीर्थोपाध्याय. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांकडून ते संकल्प सोडवून घेत आणि त्यांना गंगेत तीन बुड्या मारायला लावत. कुत्र्याला हे शास्त्र मान्य नव्हतं. माणसाचं डोकं पाण्याखाली गेलं की तो उडी टाकी, दंड हळूच तोंडात धरी आणि यजमानाला पायरीवर आणून ठेवी. ओरखडासुद्धा उठत नसे, पण दुसरी बुडी कुणाच्या नशिबी नव्हती.

"गुरुजी, एका बुडीवर आम्ही साताऱ्याला काय तोंड दाखवायचं?" एक काकू रडकुंडीला आल्या.

घाटावरचा नावाडी मात्र जातभाई भेटल्यासारखा खूश होता. "गुरुजी, ई कुक्कुर नाहीं, मल्लाह हौ."

घरी बांधला तर कुत्रा रडून गल्ली डोक्यावर घेई. शेवटी बाबांनी त्याला गंगेपलीकडच्या एका शेतावर द्यायचं ठरवलं. मला फार वाईट वाटलं, पण बाबांपुढे बोलायची आमच्याकडे पद्धत नाही.

त्याला न्यायला माणूस यायचा होता, त्या सकाळी बाबा कुत्र्याला पायरीवर बसवून नेहमीसारखे घाटाची साखळी धरून पाण्यात उतरले. अर्घ्यासाठी हात सोडले आणि दिसेनासे झाले. त्यांनी बुडी मारली की शेवाळावर पाय सरकला, यावर घरात आजही दोन मतं आहेत. कुत्र्याने मात्र वाट पाहिली नाही.

बाबा पायरीवर बसून राहिले, त्याची ओली मान दोन्ही हातांनी घट्ट धरून.

"मला पोहता येत नाही रे," ते हळूच म्हणाले. आयुष्यभर लोकांना गंगेत उतरवणारा माणूस. माझे डोळे भरून आले.

शेतावरचा माणूस चहा पिऊन परत गेला.

आता बाबा यजमानांना पायरीवरच बसवतात. "डोक्यावर तीन तांबे घ्या. तेही स्नानच. शास्त्र आहे."

कुठल्या शास्त्रात, असं कुणी विचारलंच, तर बाबा कुत्र्याकडे बघतात.