गच्चीची चाबी

वसंतराव वकिलांनी अमरावतीत फ्लॅट घेतला, तेव्हा बिल्डरला घाम फोडला होता. जमिनीचे जुने कागद खोदून काढले, सोसायटी नोंदलेली आहे का, जमीन तिच्या नावावर झाली का, सगळे तपासले. नळ सोडून पाहिले, भिंतींवर टिचक्या मारल्या. मी समोरच्याच फ्लॅटात राहतो, म्हणून लिफ्ट बंद पडते का हे मलाही विचारून गेले. एवढा हुशार माणूस! पण गच्चीची चाबी कोणाजवळ असते, हे काही त्यांनी विचारले नाही.

चाबी होती अध्यक्ष नत्थुजींजवळ, आणि गच्चीच्या दाराला होते कुलूप. आता वऱ्हाडात गच्ची म्हणजे अर्धे घर. वसंतरावांच्या पत्नी चारुशीलावहिनी दर उन्हाळ्यात पुण्याच्या लेकीसाठी, जुईलीसाठी, कुरड्या करतात. त्या चाबी मागायला गेल्या, तर नत्थुजी म्हणाले, "वहिनी, आज तुमच्या कुरड्या, उद्या सारेच गाद्या घेऊन वर झोपाले येतीन. मंग गच्ची गळाले लागली त कोन पाहीन?"

त्या वर्षी जुईलीला विकतच्या कुरड्या गेल्या. तेलात टाकल्या तर फुलल्याच नाहीत, असे तिने फोनवर सांगितले. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले. मला त्या नत्थुजीचा असा राग आला की विचारू नका.

वसंतराव तर पेटलेच. "चाबी घरात आणतो का नाही, पाह्य तू!" वहिनींना म्हणाले आणि सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहिले. गच्ची सर्वांची, असे सांगत घरोघरी चहा प्याले. दणकून निवडून आले. नत्थुजींनी चाबी हातात ठेवली, वसंतरावांनी ती जानव्याला बांधली आणि तिथेच माणूस बिघडला. फलकावर रोज नवी सूचना लागू लागली. चपला दारात नकोत, पायपुसणी झटकू नका. बोलणेही कमी झाले, नुसती मान हलवायचे.

पुढच्या उन्हाळ्यात वहिनींनी मात्र विश्वासाने गहू भिजत घातले. तीन दिवसांनी ते वाटून चीक काढला आणि सकाळी उठून शिजवला. शिजलेला चीक वाट पाहत नाही, गरम असतानाच कुरड्या पाडून उन्हात टाकाव्या लागतात.

"अहो, चाबी द्या."

"लेखी अर्ज दे. कमिटीपुढे ठेवतो."

"चीक शिजला ना! कमिटी कधी बसते?"

"पुढच्या महिन्यात. मीच नियम मोडला त लोक काय म्हणतीन?"

"मंग तुमी निवडून काहून आले होते?"

"तवा मी उमेदवार होतो," वसंतराव शांतपणे म्हणाले.

दारात पेपर घ्यायला आलेला मी तसाच उभा राहिलो. वहिनींनी पदर खोचला.

"आपली गाडी खासगी आहे का सोसायटीची?"

"खासगी. काहून?"

"काही नाही. आंघोळीले जा तुमी."

गाडी फाटकाबाहेर उन्हात मीच काढून दिली. वसंतराव काळा कोट घालून खाली आले, तेव्हा टपावर आणि बॉनेटवर त्यांचेच धुतलेले धोतर अंथरलेले होते आणि त्यावर कुरड्याच कुरड्या. नत्थुजी बाल्कनीतून पोट धरून हसत होते.

"हे काय?"

"खासगी मालमत्ता," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या नियमात बसत असन त पाहा."

वकिलांनी घड्याळात पाहिले. कोर्टात ऑटोने गेले. कुरड्या कडक वाळेपर्यंत ऑटोनेच गेले. संध्याकाळी नत्थुजींची बायको माणिकबाई खाली आली आणि स्वतःच्या गाडीभोवती एक चक्कर मारून गेली, तेव्हा नत्थुजींचे हसू थांबले.

जुईलीचा डबा पुण्याला पोचला. फुलल्या म्हणे भरभरून. वसंतरावांच्या ताटात मात्र अजून एकही कुरडई पडलेली नाही. काल त्यांनी मागितली, तर वहिनी म्हणाल्या, "लेखी अर्ज द्या."