फोन सापडला नाही

बाबा गेल्यावर काही महिन्यांनी नागपुरातल्या आमच्या जरीपटक्याच्या घरातला त्यांचा कॉम्प्युटर अडला. आईने तो एकदाही बंद केला नव्हता. डिस्क भरली म्हणून आता काहीच उघडेना. मिहानमधल्या आयटी कंपनीत दिवसभर मी हीच कामं करतो, त्यामुळे चिडतच बसलो. सगळ्यात मोठी फाइल शोधली, तर ती अख्ख्या डिस्कहून मोठी निघाली.

"मंग हेच पुसून टाक ना," आई म्हणाली.

"ती फाइल खरी नाही वं आई. मशीन चालू आहे तोवर सिस्टिम ती नुसती दाखवते. डिस्कवर तिले जागाच लागत नाही."

जागा खाल्ली होती एका साध्या नोंदींच्या फाइलने. बाबांच्या मोबाइलमधले फोटो आपोआप उतरवून घेणारा प्रोग्राम मीच बसवला होता. मोबाइल कपाटात बंद पडला होता. प्रोग्राम मात्र सेकंदाला शेकडो वेळा त्याला शोधायचा आणि दरवेळी त्या फाइलमध्ये तीच ओळ लिहायचा, फोन सापडला नाही.

मी आईला ती ओळ वाचून दाखवली आणि फाइल रिकामी केली. प्रोग्राम बंद करायला गेलो, तर तिने माझा हात धरला.

"राहू दे. शोधून राहिला, तर शोधू दे त्याले."